गुलमर्ग: नातवंडांच्या स्कीइंगला सोबत जाताना

गुलमर्ग हे मुळात एक कुरण आहे. ‘मर्ग’ म्हणजे कुरण. पूर्वी याला गौरीमर्ग म्हणत आणि सोळाव्या शतकात यूसुफ शाह चक या सुलतानाने ते नाव बदलून फुलांचे कुरण असे केले, असे सांगतात. पीर पंजालच्या कुशीत सुमारे २,६५० मीटर उंचीवर पसरलेली ही बशीसारखी खोलगट हिरवळ हिवाळ्यात पांढरी होते आणि देवदारांच्या रांगा तिच्या काठावर उभ्या राहतात. भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. पुढे १९६८ मध्ये भारत सरकारची स्कीइंग व गिर्यारोहणाची संस्था येथेच उभी राहिली. आपल्यापैकी पुष्कळांना मात्र हे कुरण ठाऊक आहे ते पडद्यावरून. १९७३ च्या ‘बॉबी’तील ती बंद खोली इथली, आणि पुढच्याच वर्षीच्या ‘आप की कसम’मधील गाण्यातले टेकडीवरचे शिवमंदिरही इथलेच. महाराणीचे मंदिर म्हणून ओळखले जाणारे ते देवालय १९१५ मधले. जून २०२४ मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली.

आज या जागेचे नाव घरात निघते ते वेगळ्या कारणाने. मुलगा किंवा सून एका संध्याकाळी सांगते, “या हिवाळ्यात गुलमर्गला जाऊ या. मुलांना स्कीइंग शिकवायचं आहे. आई-बाबा, तुम्हीही चला.” या आमंत्रणात माया असते आणि थोडी सोयही असते, मोठे नातवंड उतारावर असताना धाकट्याला सांभाळायला कुणी तरी हवे असते. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. खरी अडचण पुढे येते. आपण ‘हो’ म्हणतो आणि मग तेथे पोहोचल्यावर धाप लागली तरी सांगत नाही, डोके दुखले तरी सांगत नाही, कारण मुलांच्या आनंदात आपली अडचण नको असे वाटते. घाटावरच्या देवदर्शनाला हे चालून जाते. अडीच हजार मीटरच्या वर, बर्फात, ते चालत नाही. म्हणून या सहलीची आखणी कुटुंबातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क या दोन शरीरांच्या गतीने करावी, आणि ही अट तिकिटे काढण्यापूर्वी मुलांसमोर स्पष्ट शब्दांत मांडावी, असा माझा आग्रह आहे.

उंचीचा हिशेब आधी समजून घेऊ. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो त्याच्या सुमारे ७२ टक्के दाब गुलमर्गला असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात कमी. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर झोपणाऱ्यांना होऊ लागतो. गुलमर्ग या रेषेच्या जेमतेम वर आहे, त्यामुळे बहुतेकांना तेथे फारसे काही होत नाही. एखादी रात्र झोप तुटक लागते, सकाळी डोके जड वाटते, इतकेच. श्रीनगर मात्र सुमारे १,६०० मीटरवर आहे. मुंबईहून सकाळच्या विमानाने निघून त्याच संध्याकाळी गुलमर्गच्या हॉटेलात पाठ टेकण्याऐवजी दोन रात्री श्रीनगरला काढाव्यात. त्यात शरीराला उंचीची सवय होते, प्रवासाचा शीण उतरतो आणि थंडीचीही ओळख होते. तरुणांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. त्यांना दल सरोवराच्या काठी फिरू द्यावे. आपण मात्र या दोन रात्रींवर अडून बसावे.

लहान मुलांचा प्रश्न याहून नाजूक असतो, कारण दोन-तीन वर्षांचे मूल “डोके दुखते” असे सांगत नाही. ते किरकिर करते, खेळत नाही, आवडीचे खाणे ढकलून देते, ओकते, रात्री सारखे उठते. पालक याला थकवा किंवा हट्ट समजतात. उंचीवर पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दीड दिवसात असे घडले तर तो उंचीचा त्रास आहे असे धरून चालावे, मुलाला त्या दिवशी आणखी वर नेऊ नये, आणि त्रास वाढत गेला तर खाली उतरावे. टंगमर्गचा उतार १३ किलोमीटरचा आहे. उतरणे हाच येथे पहिला आणि खात्रीचा उपचार. हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. विश्रांती घेतानाही लागणारी धाप, वाढत जाणारा खोकला, चालताना जाणारा तोल किंवा बोलण्यातील गोंधळ ही ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणण्याची लक्षणे नव्हेत.

जाण्याची वेळ कोणती? नाताळच्या सुट्टीत सगळे जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काश्मीरमधील हिवाळ्याचा सर्वांत कडक भाग सुरू होतो. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तेथे चिल्लई कलान म्हणतात. गुलमर्गला रात्रीचे तापमान कधी कधी उणे दहा अंशांच्याही खाली जाते. इतके सोसूनही बर्फ मिळेलच असे नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे होते आणि नाव नोंदवून आलेले पर्यटक पिवळ्या गवतावर उभे राहून छायाचित्रे काढत होते. लहान मुले आणि वडीलधारी असलेल्या कुटुंबाने फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा निवडावा. दिवस थोडा मोठा झालेला असतो, ऊन थोडे जास्त लाभते आणि बर्फाचा थर बहुधा चांगला बसलेला असतो. शाळा बुडते हे खरे, पण पहिली-दुसरीतल्या मुलाचे पाच दिवस बुडाल्याने काही अडत नाही. ठरवण्यापूर्वी हवामानाचा अंदाज आणि काश्मीरमधील परिस्थितीविषयीच्या सरकारी सूचना पाहाव्यात. आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे, मग चार पैसे अधिक पडले तरी चालतील.

आता ज्यासाठी जायचे त्या खेळाकडे वळू. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरलेला आरिफ खान याच परिसरातला. त्याच्या वडिलांचे स्कीच्या साहित्याचे दुकान होते आणि तो चौथ्या वर्षीच पायांत स्की बांधू लागला. हे ऐकून आपल्याकडचे पालक चार वर्षांच्या मुलाबद्दल मोठी स्वप्ने पाहू लागतात. आरिफच्या दाराशी दर हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ होता. आपल्या नातवाला मिळणार आहेत तीन सकाळी. चार-पाच वर्षांच्या मुलाने दिवसाला तास-दीड तास, तोही मध्ये थांबत, शिकला तरी पुष्कळ झाले. तीन वर्षांखालील मुलाला स्की बांधूच नयेत. त्याच्यासाठी बर्फाचा गोळा आणि घसरण्याची फळी हाच खरा खेळ. सहा-सात वर्षांची मुले झटपट शिकतात, कारण पडण्याची लाज त्यांना नसते.

गोंडोलाच्या तळस्थानकाजवळ कुरणाचे सौम्य उतार आहेत. नवशिक्यांचे शिक्षण तेथेच चालते. प्रशिक्षक पहिल्या दिवशी मुलांना स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून पाचरीसारखा आकार करायला शिकवतो. जगभर मुलांना हे ‘पिझ्झाचा तुकडा कर’ असे सांगतात. आपण ‘शंकरपाळ्याचे टोक कर’ म्हटले तरी मूल समजेल. त्या आकारात वेग आपोआप मंदावतो. वर जायला फारशी उंची नसते, खाली यायला फारसा वेग नसतो, आणि हेच मुलाच्या हिताचे असते. प्रशिक्षक ठरवताना तो एका वेळी किती मुले घेतो ते विचारावे. साहित्य भाड्याने मिळते, त्याची पाहणी मात्र आजोबांनी जातीने करावी, कारण आई-वडील तेव्हा रांगेत किंवा फोनवर असतात. हेल्मेट हलवून पाहावे. पट्टा लावल्यावर ते कपाळावरून सरकता कामा नये. बुटात मुलाने सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढे हलकेच टेकावा आणि गुडघे वाकवल्यावर सुटावा. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे बूट घेण्याची आपली सवय येथे घातक आहे. बुटात मोजे एकच जोडी घालावेत. दोन जोड्या घातल्या तर पाय आवळला जातो, रक्त कमी पोहोचते आणि तो उलट अधिक गारठतो. पडल्यावर स्की बुटापासून सुटते का, हे दुकानदाराकडून प्रत्यक्ष करून घ्यावे.

मुलाला पाच थर कपडे चढवून झाल्यावर त्याला लघवीला लागते, हा निसर्गनियमच आहे. म्हणून आधी ते, मग कपडे. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे पंजे अधिक ऊबदार. त्यांची एक जादा जोडी आजीच्या पिशवीत असावी, कारण पहिली अर्ध्या तासात ओली होते. पोटाशी बांधलेल्या तान्ह्या बाळाबद्दल विशेष सावध राहावे. धरणारा माणूस चालून गरम झालेला असतो, बाळ मात्र हलत नसते आणि हळूहळू थंड पडत असते. त्याची मान आणि छाती हाताने चाचपून पाहात राहावे. बाळाला घेऊन कुणीही, कितीही निष्णात असला तरी, स्कीइंग करू नये.

ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला या किरणांचा जोर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ढगाळ दिवशीही डोळ्यांवर काळा चष्मा हवा: मुलांच्या, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आपल्याही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला मलम लावायचे राहून जाते. भाजते नेमके तेथेच.

आता आपल्याविषयी. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. लघवी अधिक होते, तहान मात्र लागत नाही; वयाबरोबर ती आधीच मंदावलेली असते. मूत्रल गोळ्या चालू असतील तर शरीर कोरडे पडायला वेळ लागत नाही. यासाठी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि “काश्मीरला जातो आहे” एवढेच न सांगता “२,६५० मीटरवर तीन रात्री झोपणार आहे” असे आकड्यांत सांगावे. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही ते त्यांनीच ठरवावे. सहप्रवाशाच्या डबीतली गोळी तोंडात टाकू नये. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, छातीत वरचेवर दुखत असेल, हृदय अथवा फुप्फुसांचा आजार आटोक्यात नसेल, तर गुलमर्ग नकोच. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना घसरून डोक्याला लागलेला साधा मारही महागात पडतो, हे मुलांना ठाऊक असावे.

घसरणे हाच आपला मुख्य शत्रू. टंगमर्गला लांब रबरी बूट आणि केसाळ कोट भाड्याने मिळतात. कोट घ्यावा, बुटांचे तळ उलटून पाहिल्याशिवाय ते घेऊ नयेत, कारण अनेकांच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. त्यापेक्षा घरून बर्फाचे चांगले बूट न्यावेत आणि त्यांवर चढवायची दातेरी रबरी जाळी बरोबर ठेवावी. सकाळी दहाच्या आधी बाहेर पडू नये. रात्री वितळून गोठलेले पाणी रस्त्यावर काचेसारखे पसरलेले असते. पावले लहान टाकावीत, हात खिशात ठेवू नयेत. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी बर्फात बेताने चालायला हरकत नाही. स्कीइंगचा मोह झालाच, तर खुर्चीत बसून नातवाचे पाहावे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इन्शुलिन सामानाच्या पेटीत टाकून विमानाच्या पोटात पाठवू नये. उतारावर असताना ते आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावे. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी समजावे. दुसरी गोष्ट पायांची. ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे त्यांना गारठाही कळत नाही आणि चटकाही कळत नाही. काश्मिरी माणूस फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन आरामात वावरतो. ती त्याची लहानपणापासूनची विद्या आहे. आपण ती पायांशी ठेवू नये. विजेच्या गादीने आधी अंथरूण गरम करून घ्यावे आणि झोपताना ती बंद करावी.

खोलीतील शेगडीबद्दल याहून कडक नियम हवा. लाकडाची बुखारी असो, गॅसचे हीटर असो की कोळशाची शेगडी, दारे-खिडक्या घट्ट लावून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची लक्षणे हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी असतात, आणि म्हणूनच फसगत होते. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी शेगडीचा संशय घ्यावा, दार उघडावे, सर्वांनी बाहेर यावे. आरक्षण करतानाच मध्यवर्ती अथवा विजेची ऊब आहे का, वीज गेल्यास जनित्र आहे का, आणि न्हाणीघर खोलीला लागून आहे का, असे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न रात्री दोनदा उठणाऱ्या आजोबांसाठी आहे.

खाण्याबाबत मी फार उपदेश करणार नाही. उंचीवर भूक मंदावते. मुले तर काहीच मागत नाहीत. घरून नेलेले मेतकूट आणि हॉटेलातला मऊ भात यांनी अनेक संध्याकाळी निभावतात. खिशात गुळपापडीची वडी किंवा तिळाची चिक्की असावी. कहवा मनसोक्त प्यावा. नून चाय मात्र खारी असते. रक्तदाब असणाऱ्यांनी चवीपुरती घ्यावी.

राहता राहिला गोंडोला, आणि घरात वाद होतो तो याच्यावरूनच. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडूरीला, तीन हजार मीटरच्या किंचित वर नेतो. दुसरा २००५ मधला. तो अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचवतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६१ टक्के असतो आणि दोन्ही टप्पे मिळून ही चढण अर्ध्या तासाच्या आत होते. पहिला टप्पा प्रकृती बरी असलेल्या आजी-आजोबांनी, गुलमर्गला एक रात्र काढल्यावर, जरूर करावा. पाळण्यातून खाली देवदारांचे शेंडे बर्फाच्या टोप्या घालून सरकताना पाहणे ही आयुष्यात एकदा घ्यावी अशी गोष्ट आहे. दुसरा टप्पा आपण करू नये आणि लहान नातवंडांनाही नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर वारा असतो, बसायला आडोसा थोडा असतो आणि आखलेल्या वाटांपलीकडचे उतार हिमस्खलनाचे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले. ज्या तरुणांना जायचे त्यांनी जावे. आपण धाकट्याला घेऊन कोंगडूरीला गरम चहा घ्यावा. तेथे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर वापरणार असाल तर बोट आधी चोळून गरम करा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. आणि उंचीवर तो घरच्यापेक्षा कमीच असणार. आकड्यापेक्षा माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे.

“मी इथेच थांबते” हे वाक्य चारचौघांत म्हणायला जड जाते. ते आदल्या रात्री जेवतानाच म्हणून टाकावे. सकाळी रांगेत म्हटले की त्याचा वाद होतो. आणि सुनेने वा मुलीने सहलीतला एक संपूर्ण दिवस आजी-आजोबांना मुलांपासून मोकळा द्यावा. पाच वर्षांच्या मुलामागे बर्फात चार तास उभे राहणे हे तरुण पायांनाही कष्टाचे असते.

घरात स्मृतिभ्रंश असलेले कुणी असेल तर त्यांना या सहलीत नेऊ नये. अनोळखी खोली, जाड कपड्यांचे ओझे आणि लवकर पडणारा अंधार यांनी त्यांचा गोंधळ वाढतो. त्यांच्यासाठी घरी ओळखीच्या माणसाची सोय करावी, दोन आठवडे आधीपासून त्या माणसाला रोज काही तास घरी येऊ द्यावे, आणि मग निर्धास्त जावे. शुश्रूषा करणाऱ्यालाही सुट्टी लागते.

काही किरकोळ पण अडवणाऱ्या बाबी. महाराष्ट्रातील प्रीपेड मोबाइल जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. वडीलधाऱ्यांपैकी निदान एकाकडे पोस्टपेड क्रमांक असावा आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवावा. प्रवासविम्यात स्कीइंग वगळलेले आहे का, ते वाचून घ्यावे. बर्फ पडत असताना टंगमर्गच्या वर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच जातात, तेव्हा तेथे गाडी बदलण्याची तयारी ठेवावी. फ्लूची लस निघण्याच्या दोन आठवडे आधी घेतलेली असावी.

परतताना विमानाच्या आदल्या रात्री श्रीनगरला मुक्काम करावा. हिवाळ्यात बर्फाने रस्ता अडतो, धुक्याने विमाने खोळंबतात आणि दोन-तीन दिवस तेथेच अडकून पडल्याचे प्रसंग येतात. म्हणून औषधे मोजताना ठरलेल्या दिवसांत आणखी चार दिवस मिळवावेत, आणि ती सगळी एकाच पेटीत न ठेवता दोघांच्या हातपिशव्यांत निम्मी निम्मी वाटून ठेवावीत.